वजनाच्या शस्त्रक्रियेनंतरचे वर्ष

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारायला येणाऱ्यांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. ऑपरेशन किती तासांचे, खर्च किती, किती किलो उतरतील आणि पोटावर व्रण दिसेल का? चौथ्या महिन्यात उशीवर केसांचे पुंजके दिसतील तेव्हा काय करायचे, बहिणीच्या लग्नात पंगतीला बसायचे की नाही, मधुमेहाच्या जुन्या गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या, हे सहसा कोणी विचारत नाही. जाहिरातींत तर आधीचा फोटो असतो आणि नंतरचा असतो. मधले वर्ष त्यात नसते.

मी शल्यचिकित्सक नाही. सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात काम करणारा फिजिशियन आहे. ही शस्त्रक्रिया मी करत नाही, पण ती झालेली माणसे आमच्याकडे येतात. ऑपरेशन मुंबई-पुण्याच्या खासगी रुग्णालयात झालेले असते आणि रुग्ण राहायला तीनशे-चारशे किलोमीटर दूर असतो. पहिल्या दोन भेटी तो इमानेइतबारे करतो. मग प्रवास, रजा, तपासण्यांचा खर्च यांत भेटी सुटतात आणि त्रास झाला की तो जवळच्या दवाखान्यात जातो. तिथल्या डॉक्टरला ऑपरेशन नेमके कोणते झाले, हेच ठाऊक नसते. आजचा लेख या मधल्या वर्षाबद्दल आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. ही सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात चार हजारांहून अधिक स्थूल व्यक्तींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा झाला. २००७ साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या गटात मृत्यूचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने कमी आढळले. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने दीडशे मधुमेहींवर केलेल्या चाचणीत पाच वर्षांनंतर तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६ टक्के किंवा त्याहून कमी असणारे रुग्ण केवळ औषधे घेणाऱ्यांत ५ टक्के होते, स्लीव्ह झालेल्यांत २३ टक्के आणि बायपास झालेल्यांत २९ टक्के. फायदा खरा आहे. पण याच आकड्यांतून हेही कळते, की ‘ऑपरेशन केले की मधुमेह गेला’ हे बहुसंख्यांच्या बाबतीत पाच वर्षांनी खरे राहत नाही. आपल्याकडे विमा नियामकाच्या नियमानुसार बीएमआय ४० किंवा अधिक असेल, अथवा ३५ किंवा अधिक असून सोबत गंभीर आजार असतील आणि इतर उपाय थकले असतील, तरच या शस्त्रक्रियेचा खर्च विम्यात धरला जातो. उंची १६० सेंटिमीटर असेल तर बीएमआय ४० म्हणजे साधारण १०२ किलो वजन. भारतीयांना कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून वैद्यकीय संघटनांचे आपल्यासाठीचे निकष याहून खालचे आहेत. लग्नाआधी दहा-बारा किलो उतरवायला मात्र हे ऑपरेशन नाही.

आपल्याकडे प्रामुख्याने दोन प्रकार होतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात आणि उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला जेमतेम ३० मिलिलिटरची पिशवी करून ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला थेट जोडतात. अन्न जठराचा मोठा भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. दोन्हींत भूक व साखर सांभाळणाऱ्या संप्रेरकांचे गणितही बदलते, म्हणून साखर वजन उतरण्याच्या आधीच खाली येऊ लागते. आपले ऑपरेशन यांपैकी कोणते हे रुग्णाला पाठ हवे. ‘दुर्बिणीतून पोटाचं केलं’ एवढे सांगून भागत नाही.

रुग्णालयात दोन-तीन दिवस पुरतात. त्याच दिवशी संध्याकाळी उठवून चालवतात. नातेवाइकांना ते निर्दयपणाचे वाटते, पण पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून ते आवश्यक असते. दुर्बिणीसाठी पोटात भरलेल्या वायूमुळे खांदा दुखतो, तो दोन-चार दिवसांत थांबतो. बसून करायचे काम दोनेक आठवड्यांत सुरू करता येते. जड उचलणे, पाण्याच्या घागरी, गॅसचे सिलिंडर, पोती, हे चार ते सहा आठवडे नाही. घरी जाताना लांबचा प्रवास असेल तर दर तासा-दीड तासाने गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे.

खाणे पायरीपायरीने वाढते. पहिले काही दिवस पाणी, शहाळे, मुगाच्या डाळीचे निथळ पाणी. मग साधारण दोन आठवडे पातळ ताक, दूध, गाळलेले सूप, प्रथिनांची पावडर. त्यानंतर दोन आठवडे मिक्सरमधून काढलेले वरण, घट्ट दही, मऊ कुस्करलेले पनीर किंवा अंडे. मग मऊ अन्न आणि दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण. प्रत्येक रुग्णालयाचा तक्ता थोडा वेगळा असतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. घाबरायचे ते पायरी गाळण्याला. टाके भरून यायला वेळ लागतो आणि दहाव्या दिवशी ‘बरं वाटतंय’ म्हणून खाल्लेली भाकरी त्या अरुंद नळीत अडकते. पाण्याचेही तसेच. एका दमात ग्लासभर पाणी आता जाणार नाही. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोटाघोटाने संपवणे हे पहिल्या महिन्यातले मोठे कामच असते. आपल्याकडच्या मे महिन्यात तर लघवी गडद झाली आणि उभे राहताना अंधारी आली, म्हणून भरती करावे लागणारे रुग्ण दिसतात. मराठवाडा-विदर्भातल्यांनी, आणीबाणी नसेल तर, ऑपरेशनची तारीख उन्हाळा टाळून घ्यावी, असे माझे मत आहे.

पहिल्या महिन्यात दोन गोष्टी जिवावर बेततात. एक, टाक्यांच्या रेषेतून गळती. दुसरी, पायातली गुठळी सुटून फुप्फुसात जाणे. दोन्ही क्वचित होतात, पण वेळ दवडायला जागा नसते. गळतीत पोट फार दुखेलच असे नाही. नाडी शांत बसूनही १२० च्या आसपास धावत राहणे, ताप, डाव्या खांद्यात दुखणे, अकारण घाबरल्यासारखे होणे ही तिची चिन्हे आहेत. एक पोटरी सुजणे, एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे ही गुठळीची. असे झाले तर गॅसची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीच मोठे रुग्णालय गाठावे आणि ऑपरेशनचे कागद सोबत न्यावेत.

आता उलट्यांविषयी. या लेखातले एवढेच लक्षात राहिले तरी पुरे, असे मी म्हणेन.

चौतिशीतल्या एका बाईंना दोन वर्षांपूर्वी आमच्या वॉर्डात आणले. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) स्लीव्ह होऊन सात आठवडे झाले होते. पाचव्या आठवड्यापासून उलट्या होत होत्या. पहिल्यांदा घरच्यांना ते चांगलेच वाटले होते, कारण वजन झपाट्याने उतरत होते. मग अशक्तपणा वाढला, तेव्हा गावातल्या दवाखान्यात रोज ग्लुकोजची बाटली लावली गेली. आठ दिवस. सहाव्या दिवशी त्या चालताना झोकांड्या देऊ लागल्या. सातव्या दिवशी एकाचे दोन दिसू लागले. आठव्या दिवशी त्यांनी स्वतःच्या मुलीला नणंदेच्या नावाने हाक मारली. ‘अशक्तपणा डोक्यात गेला,’ असे नवरा सांगत होता.

हा अशक्तपणा नव्हता. शरीरात थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचा साठा फार नसतो. पोटात काही टिकतच नसेल तर तो दोन-तीन आठवड्यांत संपत येतो. ग्लुकोज जाळण्यासाठी पेशींना हेच जीवनसत्त्व लागते. साठा संपत आला असताना शिरेतून नुसते ग्लुकोज दिले की उरलेसुरले थायामिनही खर्ची पडते आणि मेंदूच्या काही भागांना इजा होते. वर्निकी एन्सेफॅलोपॅथी हे त्याचे नाव. डोळ्यांच्या हालचाली बिघडणे, तोल जाणे, भ्रम होणे ही त्याची तीन लक्षणे, पण तिन्ही एकदम दिसतीलच असे नाही. वेळेत थायामिन शिरेतून भरपूर दिले तर डोळे काही दिवसांत सुधारतात. उशीर झाला तर चालणे आणि स्मरणशक्ती पूर्ववत होईलच याची खात्री नसते. या बाईंचे डोळे चौथ्या दिवशी सुधारले, लेकीचे नाव आठवड्याने जागेवर आले. काठी सुटायला पाच महिने लागले.

थायामिन महाग नाही, दुर्मीळही नाही. उलट्या, अशक्तपणा दिसला की सलाइनची बाटली, ही आपल्याकडची अंगवळणी पडलेली रीत आहे. रुग्णच ती मागतो, न लावणारा डॉक्टर त्याला कंजूष वाटतो. म्हणून रुग्णांनीच हे लक्षात ठेवावे: वजनाची शस्त्रक्रिया झालेली असेल आणि दोन-तीन दिवसांहून जास्त उलट्या होत असतील, तर आधी थायामिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज. शरीरात पाणी कमी झाले असेल तर तोवर ग्लुकोज नसलेले साधे सलाइन चालते. डॉक्टरांना हे सांगताना संकोच करू नये. आणि उलट्या का होतात याचा शोधही घ्यायला हवा. कधी घाईघाईने, न चावता खाल्लेले असते, तर कधी जोडाच्या जागी किंवा नळीत अरुंदपणा आलेला असतो. तो दुर्बीण घालून पाहावा लागतो.

जुन्या औषधांचा हिशेब लगेच बदलतो. इन्शुलिन आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांचा पूर्वीचाच डोस चालू ठेवला तर पहिल्याच आठवड्यात साखर धोकादायक खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी चक्कर येते. ज्यांच्या नावाचा शेवट ‘फ्लोझिन’ असा होतो, त्या मधुमेहाच्या गोळ्या ऑपरेशनच्या काही दिवस आधी थांबवतात. खाणे नीट सुरू होण्याआधी त्या स्वतःहून चालू केल्यास साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकते. डोस घरी ठरवू नयेत, पण साखर आणि रक्तदाब घरी मोजून वहीत लिहावेत. वेदनाशामकांचे तर आपल्याकडे पथ्यच नाही. डोके दुखले, कंबर धरली की औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. बायपासच्या जोडावर या गोळ्यांनी व्रण होतो, तो रक्त ओकवतो, फुटतोही. स्लीव्हवाल्यांनीही त्या टाळाव्यात. पॅरासिटॅमॉल चालते. बिडी-सिगारेटने हाच धोका वाढतो. तंबाखू, गुटखा बंद, आणि बायका जिला व्यसन म्हणत नाहीत ती मिश्रीसुद्धा.

तिसऱ्या महिन्यानंतर मोठा प्रश्न प्रथिनांचा. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने हवीत आणि पोटात तर एका वेळी अर्धी वाटी मावते. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, कपभर दुधात ८ ग्रॅमच्या आसपास, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या जवळपास, वाटीभर वरणात ६-७ ग्रॅम. शाकाहारी माणसाचे गणित यात सहजी जुळत नाही. म्हणून ताटातले आधी उसळ, पनीर, अंडे, मासा संपवायचा, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी-भात. आपल्या जेवणाची रीत याच्या नेमकी उलटी आहे. जेवताना पाणी प्यायचे नाही, अर्धा तास थांबायचे. उपवासाबद्दल मला हमखास विचारतात. पहिले सहा महिने तरी एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रोजे यांना सुट्टी द्यावी. साबुदाण्याच्या खिचडीत प्रथिने नावापुरतीच असतात आणि बिनपाण्याचा उपवास तर या शरीराला झेपतच नाही. देवाला सवलत मागता येते. सासूबाईंकडे ती मागणे अधिक अवघड जाते, असे रुग्ण सांगतात.

बायपास झालेल्यांनी जिलबी, उसाचा रस, पन्हे यांपासून जपावे. साखर एकदम आतड्यात उतरली की पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात पीळ, जुलाब होतात. काहींना दोन-तीन तासांनी साखर घसरून गरगरते. लग्नघरी कोणी घास भरवायला आले तर हात जोडून नाही म्हणावे. आग्रह करणाऱ्यांनीही समजून घ्यावे, की समोरचा माणूस नखरे करत नाही.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. वजन झपाट्याने उतरल्यावर हे होतेच, वर्षभरात बहुतेकांचे परत येतात, तेलाने फरक पडत नाही. त्यानंतरही गळत राहिले तर लोह आणि प्रथिने तपासावीत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या आसपास वजनाचा काटा हलत नाही, ते अपेक्षित आहे. पित्ताशयात खडे होण्याचा संभव असतो, त्यासाठी अनेकदा सहा महिने गोळी देतात. सैल कातडी मात्र व्यायामाने पुरती आवळत नाही. नको असेल तर दीडेक वर्षाने, वजन स्थिरावल्यावर, वेगळी शस्त्रक्रिया करावी लागते.

जीवनसत्त्वे आणि क्षार आयुष्यभर घ्यायचे आहेत: बी-१२, लोह, कॅल्शियम, ड, आणि रोजची एक सर्वसमावेशक गोळी. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तर लोह नीट शोषले जात नाही. दोहोंत दोन तासांचे अंतर ठेवावे आणि लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये. आपल्यातले अनेक शाकाहारी ऑपरेशनला येतात तेव्हाच बी-१२ कमी घेऊन येतात. दोन वर्षांनी हातापायांना मुंग्या, तोल जाणे, जीभ लाल होणे, अशा तक्रारींनी ते आमच्या ओपीडीत दिसतात. गोळ्या का बंद केल्या विचारले, तर उत्तर एकच: ‘बरं वाटत होतं.’ क्वचित कोणी खरे कारण सांगते, की दरमहा एवढे पैसे जमत नव्हते.

इथे माझी तक्रार रुग्णांबद्दल नाही. ऑपरेशनचे पॅकेज ठरते तेव्हा त्यात स्टेपलरपासून खोलीच्या भाड्यापर्यंत सगळे असते. पहिल्या वर्षाच्या रक्ततपासण्या, आहारतज्ज्ञाच्या भेटी आणि गोळ्या त्यात का नसाव्यात? विमा कंपन्यांनी आणि रुग्णालयांनी मिळून एवढे करायला हरकत नाही. एका बाटलीत चुकलेल्या थायामिनपोटी आयसीयूचे जे बिल होते, त्यापुढे हा खर्च किरकोळ आहे. दुसरी मागणी बिनखर्चाची आहे. डिस्चार्ज कार्डाच्या वरच्या भागात, मराठीत, ठळक अक्षरांत तीन ओळी छापाव्यात: कोणते ऑपरेशन झाले, कोणती वेदनाशामके द्यायची नाहीत, आणि उलट्या झाल्यास ग्लुकोजआधी थायामिन द्यावे. आज हे कार्ड इंग्रजीत आठ-दहा पानांचे असते आणि तालुक्याच्या दवाखान्यात रात्री अकरा वाजता ते कोणी वाचत नाही.

तरुण स्त्रियांसाठी काही गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. वजन उतरले की पाळी नियमित होते आणि पूर्वी गर्भ राहत नव्हता म्हणून बेफिकीर असणाऱ्यांना अनपेक्षितपणे दिवस जातात. पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी. त्या काळात आईचेच शरीर उपाशी असते. बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या नीट शोषल्या जातीलच असे नाही, तांबीसारखा उपाय अधिक भरवशाचा. पुढे गरोदरपणात सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासतात. बायपास झालेलीला त्याने जोराचा त्रास होऊ शकतो. आधी सांगितले तर ग्लुकोमीटरवर आठवडाभर साखर मोजून तेच काम होते.

दारूबाबत रुग्ण पुरुष असो वा स्त्री, मी स्पष्ट बोलतो. शस्त्रक्रियेनंतर तेवढीच दारू लवकर आणि जास्त चढते. पूर्वी खाण्यात शोधलेला दिलासा काही जण पुढे बाटलीत शोधतात, हा धोका दुसऱ्या वर्षानंतर वाढलेला दिसतो. नैराश्य आणि स्वतःला इजा करून घेण्याचे प्रकारही काही रुग्णांत वाढतात. वजन उतरले तरी मोडलेला संसार जुळत नाही, टोमणे थांबत नाहीत, फक्त त्यांचा विषय बदलतो: ‘किती वाळलीस, आजारी आहेस का?’ मन खचत असेल तर डॉक्टरांना सांगावे. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनाशुल्क आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

शेवटी आकड्यांची अपेक्षा. स्लीव्हनंतर साधारण एकूण वजनाच्या पाव हिस्सा आणि बायपासनंतर त्याहून थोडे अधिक, एक ते दीड वर्षात उतरते. १२० किलोचा माणूस नव्वदच्या आसपास येऊन थांबतो, साठवर नाही. दोन वर्षांनंतर त्यातले काही किलो परत येणेही सर्वसामान्य आहे. परत आलेल्या या पाच-सात किलोंची लाज वाटून तपासणीला न येणारे अनेक जण असतात. ‘एवढे पैसे घालून पुन्हा वाढवलं,’ असे डॉक्टर म्हणतील, ही भीती. काही डॉक्टर तसे म्हणतातही, आणि ते चूक आहे. वजन वाढलेल्या रुग्णालाच भेटीची जास्त गरज असते. आहार, झोप, औषधे, नळीचा आकार यांपैकी काय बदलले ते पाहता येते आणि आता वजनाची नवी इंजेक्शनेही हाताशी आहेत. तेव्हा काट्यावर काहीही दिसो, पहिल्या वर्षी तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी एकदा हिमोग्लोबिन, लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, प्रथिने आणि साखर तपासून घ्यावी. ऑपरेशन केलेल्या शहरात जाणे जमत नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत यावे, जुने कागद घेऊन.